रात्रपाळीचं नाणं

क्रेम्नित्सात थंडी डोंगरावरून उतरत नाही,
किल्ल्याच्या भिंतींतून पाझरते, असं ओटीलिया म्हणते
आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढते.
महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, कॅफेच्या मागच्या खोलीत
लोक काडेपेटीत, मोज्यात, औषधाच्या रिकाम्या बाटलीत
आपापलं नशीब घेऊन येतात.
मी वहीत नाव लिहितो. ती बघते.

नाणं कडेनं धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही,
हे तिनं मला पहिल्या दिवशी सांगितलं.
दुसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही.

एका शिक्षकाच्या नाण्यावर साल दोनदा आहे.
"साचा दुहेरी असता तर दोन्ही आकडे भरदार असते, जुळ्यांसारखे.
हा दुसरा सपाट आहे, पायरीसारखा.
ठसा उचलताना धक्का बसला, एवढंच."
शिक्षक टोपी घालतो.

एका बाईच्या नाण्याचा कुणीतरी लचका तोडलाय.
ओटीलिया लचक्याकडे बघतच नाही.
नाणं फिरवते, बरोबर समोरची कड बघते.
चकती मुळातच तोकडी असली
तर समोरची कडही नीट उभी राहत नाही,
इथलं उणेपण तिथं दिसतं.
ही कड मात्र ताठ, अख्खी.
"कानस चालवणाऱ्याला पलीकडची बाजू आठवली नाही."
बाई म्हणते, नवऱ्यानं तर शपथ घेतली होती.
ओटीलिया शपथा तपासत नाही.

मला शिकवताना ती नखानं टेबल ओरखडते:
घाव बसला की धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरतो,
खड्ड्याच्या काठाला बारीक बांध सापडतोच.
झीज उंचावरून सुरू होते. नाक, गाल, गुडघा.
आणि अक्षर गेलंय पण शेजारची पानाची शीर ताजी आहे,
तर समज, साच्यात वंगण भरलं होतं.
खिशातलं आयुष्य वेगळं, जन्मातलं वेगळं.
जन्मातलंच विकलं जातं.

मग व्हेंडेलीन आला, अॅल्युमिनियमच्या कारखान्यातून थेट,
मनगटावर अजून राखाडी धूळ.
सासऱ्याच्या शेडमध्ये खिळ्यांच्या डब्यात सापडलेला एक क्रोना, सन एकोणीसशे सत्तर.
ठसा घसरून पडलेला:
रोप लावायला गुडघ्यावर बसलेली बाई आहे,
रोप कडेपलीकडे गेलंय,
तिचे हात कोऱ्या धातूच्या काठाशी संपतात.

ओटीलियानं भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.
बाईच्या गुडघ्यापासून कडेपर्यंत
केसाएवढी एक उंच रेघ होती.
साचा तडकल्याची.

ती रेघ मला माहीत होती.
मागे एकदा, बर्फात बस अडकली तेव्हा तिनं सांगितलं होतं:
त्या रात्री यंत्रावर देखरेखीला ती होती,
रेघ तिनं पाहिली होती, यंत्र थांबवायला हात उचललाही होता,
तेवढ्यात जिन्याखालचा फोन वाजला.
व्हिएन्नाहून मार्गिता. बहीण.
आम्ही परत येत नाही, एवढं सांगायला तिला
चाळीस मिनिटं लागली.
वर यंत्र चालूच होतं.
सकाळी पोती मोजून, सही करून गेली.
सही ओटीलियाची.

"खरी आहे," ती व्हेंडेलीनला म्हणाली.
"खात्री?"
"खात्री."
त्यानं किंमत विचारली. तिनं सांगितली, जरा जास्तच सांगितली असं मला वाटलं.
तो हसला, नाणं परत खिळ्यांसारखंच खिशात टाकणार होता,
तिनं त्याचा हात धरला, कागदी पाकीट दिलं.

वहीत शेवटचा रकाना कारणाचा असतो.
तिथं मी एवढंच लिहीत आलोय: ठसा, साचा, चकती.
पेन उघडून थांबलो.
"देखरेख," ती म्हणाली.
असं कारण यादीत नाही, मी म्हणालो.
"लिही."

मग दिवा थोडा लांब सरकवला
आणि दाराकडे न बघता विचारलं, पुढचं कुणाचं?